दगड चाटणारे साहेब

साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दगड चाटत होते.

शेवगावच्या पुढे एका उघड्याबोडक्या माळावर बोरचं मशीन धडधडत होतं. भोकातून वर येणारा चुरा एक मजूर फावड्यानं बाजूला ओढत होता. त्या चुऱ्यातला एकेक खडा उचलायचा, पँटला पुसायचा आणि जिभेला लावायचा, असं एका सहा फुटी, उन्हानं तांबड्यालाल झालेल्या गोऱ्या माणसाचं चाललं होतं. एखादा खडा चाटला की ते लगेच फेकून द्यायचे. एखादा मात्र डोळे मिटून सुपारीसारखा गालात घोळवायचे. भोवती पन्नास-साठ माणसं उकिडवी बसून बघत होती. त्यातला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "आपल्याला सरकार मिलो तरी देतंय. ह्यांच्या देशात त्येबी न्हाई जनू."

मिलो म्हणजे त्या काळात रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. बाहत्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ होता. साहेब हॉलंडचे. एका परदेशी मदतसंस्थेनं त्यांना आमच्या जिल्ह्यात बोर पाडायला धाडलं होतं आणि मला त्यांचा दुभाषी म्हणून नेमलं होतं. ते पन्नाशीचे, मी चोविशीचा, नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन नुकताच बी.ए. झालेला.

हॉलंडात म्हणे जमीन समुद्राहून खाली आहे. तिथं पाणी घरात शिरतं म्हणून पंप लावून ते बाहेर फेकतात. साहेब सांगायचे, "माझ्या बापानं जन्मभर जमिनीतून पाणी काढलं, कारण ते नको होतं. मी जन्मभर काढतोय, कारण ते हवंय. घराण्याचा धंदा मी सोडलेला नाही."

हे सगळं ते इंग्रजीत सांगायचे. इंग्रजी त्यांचीही नव्हती आणि माझीही नव्हती. त्यांची जहाजावरच्या खलाशांकडून उचललेली, माझी शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांतून पाठ केलेली. पहिल्या भेटीत मी एक लांबलचक वाक्य तयार करून गेलो होतो. आपल्यासारख्या थोर पुरुषाच्या सहवासात सेवा करण्याची संधी लाभली हे मी माझं भाग्य समजतो, अशा अर्थाचं. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला भूक लागलीय का?"

खरोखरच लागली होती. त्यांनी खिशातून सुकडी काढून माझ्या हातावर ठेवली. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते गोड पीठ. आम्ही नाइलाजानं खायचो, साहेब आवडीनं खायचे. त्यांच्या शर्टाच्या दोन्ही खिशांत ती असायची आणि मशीन चालू झालं की त्या धक्क्यांनी उडून त्यांच्या मिशांना लागायची.

संस्थेनं जीप दिली होती, पण साहेब सायकलवर हिंडायचे. जीपमधून खडक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मलाही कॅरियरवर बसून हिंडावं लागे. पॅडल ते मारायचे आणि मागे बसून मी डोक्यावर छत्री धरायचो. हे दृश्य बघून लोक काय म्हणायचे ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. घोडेगावच्या बाजारात त्यांनी मला एकदा मुद्दाम नेलं. चारा नव्हता, लोक डोळे पुसत बैल विकत होते. साहेब प्रत्येक बैलापाशी थांबून त्याच्या कानात आपल्या डच भाषेत काहीतरी बोलायचे. मी विचारलं, काय सांगताय? म्हणाले, "ते आमचं खाजगी आहे. ह्यांना दुभाषी लागत नाही."

दुभाष्यांबद्दल त्यांना आधीपासूनच शंका होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कारण मी दुभाषी कसा होतो, तेही सांगायला हवं. माझी समजूत अशी होती की दुभाष्याचं काम म्हणजे वंगण घालणं. दोन चाकं एकमेकांवर घासू नयेत, किरकिर होऊ नये. त्यासाठी थोडं इकडचं तिकडं केलं तर बिघडलं कुठं? एखाद्या गावात कोणी करवादून म्हणायचं, "इचारा त्या तांबड्या माकडाला, पानी लागंल का नुसताच फुफाटा उडीवतोय?" मी साहेबांना सांगायचो, "ज्येष्ठ ग्रामस्थ आपल्याकडे आशेनं पाहत आहेत." साहेब म्हणायचे, "त्याला सांग, मला काय ठाऊक? मी भोक पाडणारा आहे, देव नाही." मी गावाला सांगायचो, "साहेब म्हणतात, परमेश्वराची कृपा असेल तर नक्की लागेल."

"लई देवभोळा मानूस हाय!" लोक म्हणायचे.

असं चार-पाच गावांत झाल्यावर साहेबांची कीर्ती त्यांच्या पुढे पळू लागली. हा गोरा साहेब देवाचं नाव घेतल्याशिवाय भोक पाडत नाही. मग जाऊ तिथं नारळ यायला लागले. मशीनला हार, साहेबांना हार, साहेबांच्या सायकलला हार. एका गावात तर पोथी वाचायची वेळ आली तेव्हा पहिला मान त्यांना दिला. साहेब चक्रावले. ते आयुष्यात कधी चर्चमध्ये गेले नव्हते. "हे लोक मला नारळ का देतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रीत आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या शेवगावच्या खोलीत एका कोपऱ्यात नारळांचा ढीग झाला होता आणि साहेब रोज सुकडीत खोबरं घालून खायला लागले होते.

एकदाच त्यांनी मला कोंडीत पकडलं. एका माणसानं तावातावानं पाच मिनिटं भाषण केलं होतं. मी साहेबांना सांगितलं, "ते आपले आभार मानतात."

"पाच मिनिटं आभार?"

"आमच्याकडे आभार सविस्तर मानतात."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "तू मुरूम आहेस."

हा त्यांचा खास हिशेब. मराठी शब्द त्यांनी पहिल्यांदा शिकले ते विहिरी खोदणाऱ्या मजुरांकडून, आणि ते सगळे खडकांचे होते. मुरूम, गेरू, मांजऱ्या, काळा पाषाण. भेटेल त्या माणसाला ते ह्यातल्या एकात बसवायचे. काळा पाषाण म्हणजे कितीही खोल जा, थेंब मिळणार नाही. मांजऱ्या म्हणजे अंगावर भोकंच भोकं, दिसायला कुरूप, पण पाणी त्याच्यातच. मुरूम म्हणजे दिसतो दगड, पण हातात घेऊन दाबला की माती. मी हसलो होतो. त्यांचे विनोद मी सगळीकडे सांगायचो, त्यात हाही.

मजुरांकडून ते खडकांपलीकडचं मराठीही उचलत होते. चहाच्या वेळी त्यांच्यातच मांडी घालून बसायचे. मी त्यांना वर्तमानपत्रातलं शुद्ध मराठी शिकवायला गेलो तर म्हणाले, "नको. ह्या भाषेत कोणी तहान लागली म्हणतं का?" मजूर वाक्याच्या शेवटी 'च्यायला' म्हणतात, ते साहेबांना पूर्णविरामासारखं काहीतरी वाटलं असावं. तालुक्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी भर कचेरीत हात जोडून सांगितलं, "नमस्कार. पानी खोल हाय, च्यायला." अधिकारी खुर्चीत ताठ झाला. मी सावरून घेतलं. काय सांगून सावरलं ते आता आठवत नाही, पण अधिकाऱ्यानं चहा मागवला एवढं आठवतं.

आता त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. गावाला कळेल.

पाथर्डीच्या बाजूचं, कोरडं ठणठणीत गाव. निम्मे लोक एरवी ऊसतोडीला जाणारे, त्या साली ऊसच नव्हता म्हणून सगळे घरी. साहेबांनी जमिनीत खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, पेटीतला काटा वाचला. दोन जागा निघाल्या. एक चावडीसमोरच्या चौकात आणि दुसरी गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. नाल्यापलीकडे दलित वस्ती होती, गाव तिला खालची वस्ती म्हणायचं. काटा दोन्हीकडे सारखाच हलला होता. बोर एकच मिळणार होता, कारण मशीन एक आणि गावं ढीगभर.

असं झालं की साहेबांची एक पद्धत होती. ते म्हणायचे, "पाणी कोण भरतं? बाया. मग मी पुरुषांना कशाला विचारू?" गावातल्या सगळ्या बायांना रिकामी घागर घेऊन बोलवायचं. फक्कीनं जमिनीवर दोन गोल काढायचे, एकेक गोल एकेका जागेचा. ज्या बाईला जी जागा हवी, तिनं त्या गोलात घागर ठेवायची. घागरी मोजायच्या, तिथं बोर. पुरुषांनी गप्प बसून बघायचं. संस्थेला ही पद्धत इतकी आवडली होती की तिनं नियमच केला होता. कुठल्याही वस्तीतल्या बायांची पसंती डावलली गेली असं निघालं, तर त्या गावाला दुसरा बोर द्यायचा.

चावडीसमोर सभा भरली. गावच्या सरपंचांना सगळे अण्णा म्हणायचे. पिळदार, मितभाषी माणूस. आदल्या दिवशी त्यांच्याच घरी मी जेवलो होतो आणि त्या दिवसांत त्यांनी मला गव्हाची पोळी वाढली होती. गावातल्या बायांनी चौकाच्या गोलात भराभर घागरी ठेवल्या. घरापासून चार पावलं, त्या दुसरं काय करणार? खालच्या वस्तीतल्या अकरा बाया मात्र चौकाच्या कडेला, घागरी कमरेवर घेऊन उभ्याच राहिल्या.

साहेब मला म्हणाले, "त्या का ठेवत नाहीत? विचार."

मी गेलो. त्यांच्यात पुढे भागाबाई होत्या. तिशीच्या, काटक, पदर खोचलेला. त्या म्हणाल्या, "हितं चावडीम्होरं आमची घागर टेकवायची रीत न्हाई, भाऊ. पर साहेबाला येवढं सांगा. हापसा चौकात झाला तर आमाला त्याला हात लावू द्यायचे न्हाईत. कोन पानी वाढतंय का म्हून उनात ताटकळत बसावं लागंल. नाल्याला पाडा म्हनावं. तितं आमीबी येऊ अन् त्येबी येत्याल."

एवढं स्वच्छ बोलणं मी त्या दुष्काळात दुसरं ऐकलं नव्हतं. अण्णांनीही ते ऐकलं होतं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "काय म्हनत्यात त्या? सांगा की साहेबाला."

मी साहेबांकडे वळलो आणि सांगितलं, "त्या म्हणतात, गाव ठरवेल ते आम्हाला मान्य."

"मग घागरी का नाही ठेवल्या?"

"वडीलधाऱ्यांपुढे ठेवत नाहीत. आदर म्हणून."

साहेबांचा चेहरा खुलला. वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्या अकरा बायांकडे बघून, छातीवर हात ठेवून, ते किंचित वाकले. भागाबाईंना वाटलं, आपलं बोलणं पोचलं. त्यांनीही मान हलवली.

भीतीनं असं केलं म्हणावं, तर अण्णांनी मला कधी दम दिला नव्हता. पोळीला जागलो म्हणावं, तर एका पोळीला मी इतकाही विकलेला नव्हतो. खरं सांगायचं तर सभा फार छान चालली होती. ती बिघडू नये, एवढंच मला वाटलं. असल्या कारणासाठी मी अकरा घरांचं पाणी तोडलं.

चौकातल्या बोरला पाणी लागलं. गुलाल उधळला, हलगी वाजली, साहेबांना खांद्यावर घेऊन मिरवलं. इतका लांब माणूस खांद्यावर नीट मावेना, म्हणून त्यांचे पाय दोन जणांनी वेगळे धरले होते.

पंधरा-वीस दिवसांनी साहेब सकाळीच म्हणाले, चल, त्या हापशाचं वायसर बघून येऊ. हापसा बसवून दिला की आमचं काम संपायचं, पण साहेब एखाद्या लेकीला सासरी बघून यावं तसे प्रत्येक हापशाला बघून यायचे. मी कॅरियरवर बसलो.

चौकात गावातल्या बाया हापसत होत्या. आणि बाजूला, लिंबाच्या सावलीच्याही बाहेर, रिकाम्या घागरी पुढ्यात ठेवून खालच्या वस्तीतल्या बाया बसल्या होत्या. साहेब थोडा वेळ बघत राहिले. एक बाई भरून गेली, दुसरी आली, ती भरून गेली, तिसरी आली. बसलेल्या बसलेल्याच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हापशाच्या दांड्याकडे पाहिलं.

मग त्यांनी सरळ जाऊन भागाबाईंची घागर उचलली, हापशाखाली ठेवली आणि हापसायला लागले.

चौकात जो गलका झाला तो मी लिहीत नाही. साहेबांनी घागर भरली, उचलून भागाबाईंपुढे आणून ठेवली आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मजुरांच्या मराठीत त्यांनी विचारलं, "बाई, त्या दिशी तुमी काय बोल्ला?"

भागाबाईंनी जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं. साहेब मान हलवत होते. सगळं त्यांना कळत होतं. भागाबाईंचं बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "मंग हा काय बोल्ला?" ते भागाबाईंना कुठून ठाऊक असणार? त्या माझ्याकडे बघू लागल्या.

साहेब उठले. माझ्याशी ते आजवर इंग्रजीशिवाय बोलले नव्हते. त्या दिवशी मराठीत बोलले.

"किती येळा?"

मी कधी मोजलंच नव्हतं.

आम्ही निघाल्यावर गावानं हापसा गोमूत्र शिंपडून धुतला. तीन घागरी पाणी त्यात गेलं म्हणे. त्या दुष्काळात. येताना साहेबांनी मला कॅरियरवर बसू दिलं. रागावलेला माणूस पायी चालायला लावेल असं मला वाटलं होतं, त्यापेक्षा हे वाईट होतं. बारा-तेरा मैल त्यांची घामानं भिजलेली पाठ माझ्या नाकासमोर होती.

दुसऱ्या दिवशी साहेब नगरला संस्थेच्या प्रमुखांकडे गेले आणि त्यांनी नियमावर बोट ठेवलं. बायांची पसंती डावलली गेली आहे, नाल्यावर दुसरा बोर द्या. त्याच सुमाराला अण्णांची तक्रारही पोचली होती. गोरा साहेब आमच्यात भांडणं लावतो. प्रमुखांना भांडण नको होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. साहेब शेजारच्याच खुर्चीत होते.

प्रमुखांनी विचारलं, "त्या दिवशी त्या बाया नेमकं काय म्हणाल्या?"

एका वाक्यात दुसरा बोर मिळाला असता. आणि माझी नोकरी गेली असती. तीही कदाचित गेली नसती, पण मी खोटा दुभाषी आहे हे तिथल्या तिथं ठरलं असतं. मी म्हणालो, "चौकाला त्यांची हरकत नव्हती."

प्रमुख साहेबांना समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं मराठी अजून कच्चं आहे. ऐकण्यात काहीतरी गफलत झाली असेल." मग ठरलं. भाषेच्या अडचणीमुळे साहेबांना परत पाठवायचं आणि मशीन दुसऱ्या तालुक्यात हलवायचं, परवाच्या परवा. साहेबांनी वाद घातला नाही. जाताना मशीन आपण स्वतः पोचवून देतो, एवढंच म्हणाले.

मशीन हलायच्या दिवशी सकाळी साहेब शेवगावच्या माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"चल. वाटेत काम आहे. मला आज दुभाषी लागेल. खरा."

ती वाट त्या गावाच्या नाल्यावरून जाते हे मला ठाऊक होतं. मी पांघरूण ओढून म्हणालो, "मला ताप आहे."

साहेब आत आले. वाकून त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. त्यांनी थोडा वेळ हात तसाच ठेवला, जणू खाली किती खोलवर काही आहे का ते बघावं. मग निघून गेले. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढचं मी मशीनच्या ड्रायव्हरकडून ऐकलं. त्यानं ते मला दहा वेळा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नाल्यावर साहेबांनी मशीन थांबवलं, उभं केलं आणि खडकाला लावलं. धडधड ऐकून अण्णा दहा-बारा माणसं घेऊन आले.

"साहेब, हितं बोरची परवानगी न्हाई."

"बोर न्हाई," साहेब म्हणाले. "मशीन आजारी हाय. तपासतो."

"आजारी? आन तपासाया भोक पाडता व्हय?"

"डाक्टर सुई मारतो का न्हाई? तसं."

माणसं चिडली. दोघं-तिघं पुढे सरसावले, की मशीनच बंद पाडू. तेवढ्यात भागाबाई वस्तीतून आल्या. त्यांच्या मागे बाकीच्या दहा जणी. त्यांनी आपल्या घागरी मशीनच्या भोवती, एकीला एक चिकटवून, गोल मांडल्या. अकरा घागरींनी गोल पुरा होईना, तशा पोरींना पाठवून हंडे, कळश्या, तवली, घरात होतं नव्हतं ते आणवलं. गोल पुरा झाला. मशीन आत, साहेब आत, गाव बाहेर.

ज्या घागरींना हात लागू नये म्हणून गावानं आजवर एवढी खबरदारी घेतली होती, त्या आता वाटेत होत्या. हातानं उचलाव्यात तर विटाळ. लाथेनं उडवाव्यात तरी विटाळ. दहा-बारा पिळदार माणसं त्या मातीच्या कुंपणापुढे नुसती उभी.

अण्णा ओरडले, "घागरी उचला गं!"

भागाबाई म्हणाल्या, "तुमीच उचला की, अण्णा. आमी न्हाई म्हनतोय का?"

ड्रायव्हर म्हणायचा, इथं साहेब इतके हसले की त्यांना मशीनला धरून उभं राहावं लागलं. संध्याकाळपर्यंत मशीन चालू होतं. साहेब खडे चाटत होते. दुपारनंतर त्यांनी एक खडा चाटला, डोळे मिटले आणि तो भागाबाईंच्या हातावर ठेवला. भागाबाईंनीही तो चाटून बघितला म्हणे. ऊन उतरता उतरता पाणी लागलं. आधी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ. गोलातल्या घागरी आपसूक भरायला लागल्या. साहेबांनी आपल्याजवळचा एक जुना हापसा त्यावर बसवून दिला आणि 'मशीन बरं झालं' असं अण्णांना सांगून ते निघून गेले.

आता संस्थेपुढे पेच पडला. कागदावर नसलेला बोर पाणी देत होता. प्रमुखांनी मला अहवाल लिहायला सांगितला, सगळं रीतसर दिसेल असा. मी लिहिला. 'खालच्या वस्तीतील महिलांची मागणी दुभाष्यामार्फत कार्यालयाकडे पोचल्यावरून, तसेच सरपंचांच्या संमतीने व दुभाष्याच्या सततच्या पाठपुराव्याने' बोर घेण्यात आला. साहेबांचा त्यात उल्लेख नाही. भाषा कळत नसलेल्या माणसाचा उल्लेख कशाला? खाली माझी सही आहे. अक्षर सुंदर आहे.

त्यानंतर मला चांगली नोकरी लागली, मुलं झाली, नातवंडं झाली. साहेबांच्या गोष्टी मी पन्नास वर्षं लग्नाकार्यात सांगत आलो. दगड चाटणं, नारळ, कचेरीतलं 'च्यायला'. लोक पोट धरून हसायचे. गोष्ट मी नेहमी चौकातल्या मिरवणुकीपाशी थांबवायचो.

गेल्या वर्षी त्या गावातल्या शाळेच्या मास्तरांचा फोन आला. जुन्या कागदांत त्यांना तो अहवाल सापडला होता. नाल्यावरच्या बोरला पन्नास वर्षं झाली, ज्यांच्या पाठपुराव्यानं वस्तीत पाणी आलं त्यांचा सत्कार करायचा आहे. मी नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

गेलो. नाल्याशेजारी मांडव होता. समोर मुलं, मागे वस्तीतली आणि गावातली मंडळी. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक वाळकीशी म्हातारी काठी धरून बसली होती. मास्तर म्हणाले, ह्या भागाबाई, ऐंशी पार केलीय, आता ऐकू कमी येतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक पुढे केला.

मी सांगितलं. ही शाल माझी नाही. त्या दिवशी चौकात तुमच्या आजीनं, पणजीनं जे सांगितलं ते मी साहेबांना सांगितलंच नाही. पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा खोटं बोललो. साहेब इथं भोक पाडत होते तेव्हा मी खोलीत पांघरूण घेऊन पडलो होतो. अहवाल मी लिहिला आणि तो खोटा आहे.

माइक शिटी वाजवून बंद पडला. मास्तर कधी माझ्याकडे, कधी मुलांकडे बघू लागले. भागाबाईंनी शेजारच्या नातीला विचारलं, "काय म्हनला त्यो?" नातीनं कानाशी लागून सगळं सांगितलं. बराच वेळ लागला. एकही शब्द ती गाळत नव्हती.

भागाबाईंनी काठीनं मला जवळ बोलावलं.

"म्या तवाच वळखलं हुतं," त्या म्हणाल्या. "समद्यांला ठावं हाय. ह्या मास्तरलाच कुनी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी काठी माझ्या खांद्याकडे केली.

"मंग शाल कशापायी घेतली?"

"घातली त्यांनी. बोलायच्या आधीच."

"द्या हिकडं."

मी शाल काढून दिली. त्यांनी तिचा काठ दोन बोटांत चोळून बघितला, नातीला म्हणाल्या, "नायलानची हाय," आणि खांद्यावरून नीट गुंडाळून घेतली. मग काठीनं समोरची जमीन ठोकली.

"बसा हितं खाली. ह्या पोरान्ला त्यो साहेब कसा हुता, कुनालाच ठावं न्हाई. पयल्यापासून सांगा, भाऊ. मोठ्यानं सांगा. अन् कुटं चुकला, तर मी हाय हितं बसल्याली."